घरच्या ओव्हनमध्ये ॲपल पाय : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

करंजी ज्याला येते त्याला ॲपल पाय सहज येतो, असे मला एकदा सांगण्यात आले होते. त्या भरवशावर मी पहिला पाय केला तेव्हा मैद्यात कडकडीत तेलाचे मोहन घातले, पीठ चांगले तिंबून अर्धा तास झाकून ठेवले आणि सफरचंदाच्या फोडी भरून तो ओव्हनमध्ये सरकवला. वरची पारी शंकरपाळ्यासारखी टणक झाली, खालची रसात भिजून कच्ची राहिली आणि सुरी घालताच सारण ताटभर पसरले. पुढे बऱ्याच खटपटीनंतर लक्षात आले की करंजीच्या दोन सवयी, म्हणजे गरम मोहन आणि मनसोक्त मळणे, इथे थेट आड येतात. तिसरी सवय, म्हणजे मुरड, मात्र जशीच्या तशी उपयोगी पडते. हा लेख त्या दोन सवयी सोडवण्यासाठी आहे, कारण आपल्याकडे घरी केलेला पाय बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

ॲपल पाय म्हणजे मैद्याच्या दोन पाऱ्यांमध्ये सफरचंदाचे सारण भरून भाजलेला, खोलगट ताटलीच्या आकाराचा पदार्थ. इंग्लंडमध्ये तो चौदाव्या शतकापासून होत आला आहे. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातील कृतींचा जो संग्रह साधारण १३९० च्या सुमारास लिहिला गेला, त्यात सफरचंदाबरोबर नासपती, अंजीर, मनुका आणि केशर घालायला सांगितले आहे. साखरेचा उल्लेख नाही. त्या काळी बाहेरची पारी जाड आणि कडक असे, कारण तिचे मुख्य काम सारण धरून ठेवण्याचे होते. युरोपातून गेलेल्या लोकांनी हा पदार्थ अमेरिकेत नेला आणि सफरचंदाची झाडेही बरोबर नेली, कारण तिकडच्या जंगलांत फक्त लहान, आंबट जातीची रानसफरचंदे होती. १७९६ साली अमेरिकी लेखिकेचे जे पहिले पाककृतींचे पुस्तक तिथे छापले गेले, त्यातल्या ॲपल पायमध्ये दालचिनी, जायपत्री, लिंबाची किसलेली साल आणि गुलाबपाणी आहे. हे वाचल्यावर आपल्या स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा या पदार्थाला मुळीच परका नाही, असे मला वाटले.

साहित्य

खालील प्रमाण २३ सेंटिमीटर व्यासाच्या आणि सुमारे ४ सेंटिमीटर खोल भांड्यासाठी आहे. त्यात आठ जणांचे होते. पारीसाठी मैदा ३२० ग्रॅम, बटर २२० ग्रॅम, साखर १ मोठा चमचा, मीठ पाऊण लहान चमचा आणि बर्फ घालून गार केलेले पाणी ८० ते ११० मिलिलिटर लागते. बटर खारट असेल तर वेगळे मीठ घालू नये. सारणासाठी सफरचंदे सव्वा किलो, साखर १३० ग्रॅम, लिंबाचा रस १ मोठा चमचा, दालचिनीची पूड १ लहान चमचा, ताजे किसलेले जायफळ पाव लहान चमचा, मीठ चिमूटभर, कॉर्नफ्लोअर ३ मोठे चमचे आणि बटर २० ग्रॅम घ्यावे. वरून लावण्यासाठी थोडी साय किंवा एक फेटलेले अंडे आणि भुरभुरण्यासाठी चमचाभर साखर एवढे पुरे. पारीत अंडे नसते. त्यामुळे अंडे न खाणाऱ्या घरात वरून साय लावली की काम भागते आणि रंगही चांगला येतो.

मैदा आणि बटर काट्यावर मोजावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. वाटीत मैदा सैल भरला की दाबून भरला यावर त्याचे वजन बरेच बदलते, आणि पारीत तेवढा फरकही जाणवतो.

पारी : जिथे सगळे ठरते

करंजीसाठी आपण मैद्यावर गरम मोहन ओततो, ते चोळतो आणि मुठीत दाबल्यावर मुटका वळला की मोहन पुरेसे झाले असे समजतो. पातळ झालेला स्निग्धांश त्या वेळी मैद्याच्या कणाकणाला सारखा लागतो आणि तळल्यावर पारी खुसखुशीत होते. पायच्या पारीला मात्र पापुद्रे सुटावे लागतात. त्यासाठी बटर मैद्यात विरघळून न जाता लहान लहान चपट्या तुकड्यांच्या रूपात टिकले पाहिजे. ओव्हनच्या उष्णतेने हे तुकडे वितळतात, बटरमध्ये असलेल्या सुमारे १६ टक्के पाण्याची वाफ होते आणि ती वाफ वरचा व खालचा मैद्याचा थर एकमेकांपासून उचलून धरते. तेवढ्यात थर भाजून कडक होतात आणि मधली जागा तशीच राहते. तत्त्वाने पाहिले तर ही पारी करंजीपेक्षा चिरोट्याच्या जवळची आहे, कारण चिरोट्यातही फेसलेल्या घट्ट तुपाचा साटा दोन पोळ्यांमध्ये वेगळा थर म्हणून राहतो.

बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. मुंबईत किंवा पुण्यात उन्हाळ्यातल्या दुपारी स्वयंपाकघराचे तापमानच तेवढे असते, म्हणून इंग्लंड-अमेरिकेत जी काळजी थोडीशी घेतली तरी चालते ती आपल्याला नेटाने घ्यावी लागते. पारी सकाळी लवकर, शेगडी पेटवण्यापूर्वी करावी. बटरचे दीड सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करून २० मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावे आणि मैदा, साखर, मीठ स्टीलच्या परातीत किंवा पसरट पातेल्यात घेऊन तेही त्यांच्या शेजारी ठेवावे. स्टील लवकर गार होते आणि तो गारवा पुढची दहा-पंधरा मिनिटे कामी येतो.

आता बटरचे तुकडे मैद्यात टाकून प्रत्येक तुकडा मैद्यात घोळवावा आणि अंगठा व दोन बोटे यांच्यामध्ये धरून एकदा चपटा करावा. तळहात वापरू नये, कारण तो बोटांच्या टोकांपेक्षा गरम असतो. चोळण्याचा मोह होईल; तो आवरावा. काही तुकडे पावट्याच्या दाण्याएवढे आणि काही हरभऱ्याच्या डाळीएवढे राहिले, बाकीचा मैदा किंचित रवाळ दिसू लागला, की थांबावे. मध्येच बटर चकाकू लागले किंवा बोटांना तेलकट लागले तर परात तशीच उचलून १० मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावी आणि मग पुढे जावे. हा वेळ वाया जात नाही.

बर्फाचे पाणी एकदम ओतू नये. एका वेळी एक मोठा चमचा पाणी शिंपडून काट्या-चमच्याने मैदा वरखाली करावा. ८० मिलिलिटर पाणी गेल्यावर मूठभर मिश्रण हातात दाबून पाहावे: ते एकत्र राहिले, पण कडांना कोरडा चुरा सुटत असला, तर पाणी पुरेसे झाले. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे मैद्याला पाणी कमी लागते, म्हणून प्रमाण वाचून घालण्यापेक्षा हाताला विचारावे. पोळीच्या कणकेसारखा मऊ, गुळगुळीत गोळा येथे अपेक्षितच नाही. तसा गोळा झाला तर पाणी जास्त झाले आहे आणि पारी चिवट होणार, असे समजावे. मिश्रण ओट्यावर काढून तळव्याने हलकेच दाबावे, घडी घालावी, पुन्हा दाबावे. अशा दोन-तीन घड्यांत ते जुळून येते. मळू नये. मळल्याने मैद्यातील ग्लुटेनचे धागे ताणले जातात, पारी लाटताना आखडते आणि भाजल्यावर दाताला चिवट लागते.

या पिठाचे दोन भाग करावे, त्यातला खालच्या पारीचा भाग थोडा मोठा ठेवावा. प्रत्येक भाग चपटा, दोन सेंटिमीटर जाडीचा करून घट्ट गुंडाळावा आणि फ्रिजमध्ये किमान दोन तास ठेवावा. या वेळात ओलावा पिठात सर्वत्र पसरतो, ताणलेले ग्लुटेन सैल पडते आणि बटर पुन्हा घट्ट होते. रात्री करून सकाळी लाटले तर उत्तमच. दोन दिवसांपर्यंत पीठ चांगले राहते. गुंडाळी सोडल्यावर पिठाची कड नीट पाहावी. पांढुरक्या पिठात बटरचे पिवळसर, लांबट ठिपके संगमरवरातल्या रेषांसारखे दिसले, तर पुढचे बरेचसे काम झाले आहे.

बटरऐवजी साजूक तूप चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. तुपात पाणी जवळजवळ नसतेच, त्यामुळे वाफ होत नाही आणि पापुद्रे सुटत नाहीत. पारी नानकटाईसारखी विरघळणारी होते. ती चवीला वाईट नसते, परंतु पायची नसते. घरच्या लोण्यात उलट पाणी जास्त असते. ते चांगले गार करून, दाबून पाणी काढून, निम्म्या बटरच्या जागी वापरता येते. जुन्या इंग्रजी आणि अमेरिकी घरांत डुकराची चरबी वापरत आणि तिने पापुद्रे फार सुरेख सुटतात, पण चव बटरलाच असते असे माझे मत आहे.

सफरचंद निवडताना

सफरचंद कोणतेही चालते, असे समजू नये. पायसाठी आंबटपणा हवा आणि भाजल्यावर आकार टिकवणारा कडकपणा हवा. इंग्लंडमध्ये या कामासाठी ब्रॅमली जातीचे आंबट सफरचंद मानतात. त्याचे मूळ झाड नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावी १८०९ साली लावलेल्या बीपासून उगवले. ते शिजून अगदी मऊ होते आणि इंग्रजांना पायमध्ये तसेच आवडते. आकार टिकवून फोडी वेगळ्या राहाव्यात असे वाटत असेल तर हिरवे ग्रॅनी स्मिथ उत्तम. ते ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया ॲन स्मिथ या बाईंच्या बागेत १८६८ च्या सुमारास आपोआप उगवलेल्या रोपापासून पसरले आणि आज आपल्याकडच्या मोठ्या शहरांतल्या फळबाजारात बहुधा वर्षभर मिळते.

आपल्या बाजारातले लाल हिमाचली सफरचंद हेही मुळात अमेरिकेचेच. सॅम्युअल स्टोक्स, जे पुढे सत्यानंद स्टोक्स म्हणून ओळखले गेले, त्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डिलिशस जातीची रोपे अमेरिकेतून आणून सिमल्याच्या पुढे कोटगड परिसरात लावली आणि तिथून ही शेती हिमाचलभर पसरली. ही जात नुसती खाण्यासाठी गोड आणि देखणी आहे, पण तिच्यात आंबटपणा कमी असतो आणि शीतगृहात काही महिने राहिल्यावर ती पिठूळ होते. अशा फोडी ओव्हनमध्ये विरघळून जातात. म्हणून निम्मी ग्रॅनी स्मिथ आणि निम्मी ताजी, कुडकुडीत हिमाचली सफरचंदे घ्यावीत. ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांत हिमाचलचा माल ताजा असतो आणि पाय करण्याचा आपल्याकडचा खरा हंगाम तोच. हिरवी मिळालीच नाहीत, तर लिंबाचा रस दोन चमचे करावा आणि साखर ९० ग्रॅमवर आणावी. विकत घेण्यापूर्वी फळ अंगठ्याने दाबून पाहावे. जरासेही दबले तर ते पायसाठी घेऊ नये.

सारण

सफरचंदे सोलून, मधला कठीण भाग आणि बिया काढून ६ ते ७ मिलिमीटर जाडीच्या फोडी कराव्यात. फार पातळ फोडींचा मुरंबा होतो आणि जाड फोडी मध्ये कच्च्या राहतात. फोडींना लिंबाचा रस, साखर, दालचिनी, जायफळ आणि मीठ लावून तासभर तसेच ठेवावे. साखर फोडींतले पाणी ओढून घेते आणि तळाशी अर्धी वाटी किंवा त्याहून थोडा अधिक रस साठतो. नवशिक्यांनी ही पायरी गाळू नये, कारण हा रस फोडींत राहिला तर तो ओव्हनमध्येच सुटतो, खालची पारी भिजवतो आणि फोडी आकसून वरच्या पारीखाली मोठी पोकळी राहते.

फोडी चाळणीत निथळत ठेवाव्यात. सुटलेला रस आणि २० ग्रॅम बटर लहान पातेल्यात मध्यम आचेवर उकळून निम्मे होईपर्यंत आटवावे. तो काकवीसारखा दाट आणि तांबूस झाला, पातेले तिरके केल्यावर सावकाश सरकू लागला, की उतरवून पूर्ण गार करावा. निथळलेल्या फोडींना कॉर्नफ्लोअर सारखे लावून घ्यावे आणि त्यावर हा गार पाक ओतून हलक्या हाताने मिसळावे. सारण कोमट असताना कधीही भरू नये. खालच्या पारीतले बटर त्या क्षणी पाघळते आणि आतापर्यंतची सगळी मेहनत जाते.

लाटणे, भरणे आणि मुरड

फ्रिजमधून काढलेले पीठ पाच-सात मिनिटे बाहेर ठेवावे, म्हणजे लाटताना ते तडकत नाही. ओटा फार गरम असेल तर बर्फाने भरलेली पिशवी त्यावर दहा मिनिटे ठेवून मग कोरडा पुसून घ्यावा. मैद्याची पिठी भुरभुरून मध्यापासून बाहेर लाटत जावे आणि दर दोन-तीन फेऱ्यांनंतर पारी थोडी फिरवावी. जाडी सुमारे ३ मिलिमीटर असावी, म्हणजे पोळीपेक्षा जाड आणि भाकरीपेक्षा पातळ. खालची पारी भांड्यापेक्षा आठ-नऊ सेंटिमीटर मोठी लाटून लाटण्यावर गुंडाळून भांड्यात सोडावी आणि तिला स्वतःच्या वजनाने कोपऱ्यात बसू द्यावे. ताणून बसवलेली पारी भाजताना हमखास मागे सरकते.

सारण दाबून, फटी न ठेवता भरावे. मध्ये किंचित उंच असावे. वरची पारी पसरून दोन्हींच्या कडा भांड्याबाहेर दोन सेंटिमीटर राहतील अशा कापाव्यात, पाण्याचे बोट फिरवून एकमेकींना चिकटवाव्यात आणि आत दुमडून भांड्याच्या काठावर आणाव्यात. आता करंजीची मुरड घालावी. अंगठ्याने कड दाबायची, तर्जनीने पुढचा पदर त्यावर आणायचा, पुन्हा दाबायची. ज्यांच्या हाताला दिवाळीची ही सवय आहे त्यांची कड देखणी तर होतेच, शिवाय ती अशी घट्ट मिटते की रस बाहेर येत नाही. ज्यांना मुरड येत नाही त्यांनी काट्या-चमच्याने कड दाबून घ्यावी. वरच्या पारीला धारदार सुरीने बोटभर लांबीच्या चार-पाच चिरा द्याव्यात, म्हणजे वाफेला वाट मिळते. मग संपूर्ण पाय २० ते ३० मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा.

भाजणे

पाय फ्रिजमध्ये असतानाच ओव्हन २२० अंश सेल्सिअसवर तापायला लावावा आणि तळाच्या कप्प्यावर एक धातूचा ट्रे आत ठेवूनच तापवावा. घरगुती ओटीजीमध्ये वरची आणि खालची अशा दोन्ही कांड्या सुरू असाव्यात. तापलेल्या ट्रेवर ठेवल्यामुळे खालच्या पारीला लगेच उष्णता मिळते आणि ती रस शोषण्यापूर्वी भाजू लागते. भांडे शक्यतो धातूचे घ्यावे. काचेचे असेल तर फ्रिजमधून काढून थेट तापल्या ट्रेवर ठेवू नये, कारण ते तडकण्याचा धोका असतो. काचेच्या भांड्यातला पाय थोडा वेळ बाहेर ठेवून गार ट्रेवर भाजायला लावावा आणि दहा मिनिटे जास्त धरावीत.

पारीवर साय किंवा अंडे ब्रशने पातळ लावून साखर भुरभुरावी. पहिली २० मिनिटे २२० अंशांवर आणि पुढची ४० ते ५० मिनिटे १९० अंशांवर भाजावे. कड लवकर काळपटू लागली तर तिच्यावर ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी ठेवावी. ओटीजीच्या बटणावरचे आकडे पुष्कळदा खरे नसतात, म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घेणे मला फार मोलाचे वाटते.

पाय झाला हे घड्याळ सांगत नाही, चिरा सांगतात. आधी त्यांतून पाण्यासारखा पातळ रस भरभर उकळताना दिसतो. कॉर्नफ्लोअर पुरेसे शिजायला सारणाचा मध्यभाग ९५ अंशांच्या जवळ जावा लागतो, आणि तो गेला की बुडबुडे दाट, चकचकीत होतात, सावकाश फुगतात आणि सावकाश फुटतात. मधल्या चिरेतून असे संथ बुडबुडे दिसेपर्यंत पाय बाहेर काढू नये. पारीचा रंग फिका पिवळा असेल तर तो कच्चाच समजावा. गडद बदामी, जवळजवळ गुळाच्या रंगावर गेलेली पारीच खमंग लागते.

गार होऊ देणे

घरभर दालचिनीचा वास सुटलेला असताना चार तास थांबायचे, हे कठीण आहे, पण टाळता येत नाही. ओव्हनमधून नुकताच निघालेला रस पातळ असतो आणि गार होताना तो आळतो. गरम पाय कापला तर फोडी एकीकडे आणि रस दुसरीकडे वाहतो, जसे माझ्या पहिल्या पायचे झाले. पाय जाळीवर ठेवावा, म्हणजे खालूनही हवा लागते आणि तळाला वाफ धरत नाही. कोमट खायचा असेल तर पूर्ण गार झाल्यावर, कापलेला तुकडा १६० अंशांवर दहा-पंधरा मिनिटे पुन्हा गरम करावा. मायक्रोवेव्हमध्ये पारी मऊ पडते.

हिवाळ्यात पाय झाकून दीड-दोन दिवस बाहेर राहतो. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. हीच पारी वापरून नासपतीचा पाय याच प्रमाणात होतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरींचा करायचा असेल तर त्यांना पाणी फार सुटते, म्हणून कॉर्नफ्लोअर दीडपट घ्यावे आणि रस आटवण्याची पायरी अधिक काळजीने करावी.

कडा कापून उरलेले पीठ पुन्हा एकत्र मळून लाटू नये, ते चिवट होते. त्या पट्ट्या तशाच ट्रेवर मांडाव्यात, वर दालचिनी-साखर भुरभुरावी आणि पाय भाजून निघाल्यावर त्याच ओव्हनमध्ये १९० अंशांवर १२ ते १५ मिनिटे भाजाव्यात. त्यातली एक पट्टी मोडून पाहिली की पापुद्रे किती सुटले आहेत हे पाय कापण्यापूर्वीच कळते.